केक निजला की नाही

आत्याबाईंच्या बेकरीत भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी. भट्टीत गेलेला फ्रूटकेक कधी बाहेर काढायचा हे ठरवायला त्या घरात एकच साधन होतं, ते म्हणजे आत्याबाईंचा उजवा कान. यंदा नेमका तोच कान दगा देत होता. आत्याबाईंना हे ठाऊक होतं, आणि मान तुटेल पण हे कबूल करणार नाही, असा त्यांचा बाणा होता.

केक मूळचा इंग्रजांचा. आत्याबाईंच्या वडिलांनी तो तरुणपणी एका जहाजावरच्या आचाऱ्याकडून उचलला. जहाज डोलणार, भट्टीची आच कमीजास्त होणार, म्हणून तो आचारी केक भट्टीबाहेर ओढून त्याला कान लावायचा. आत ओल आहे तोवर केक बारीक चुरचुरत राहतो. ती चुरचुर पूर्ण थांबली की केक झाला. वडील म्हणायचे, बोलतोय तोवर जागा, गप्प झाला की निजला. सळई टोचून बघायला घरात सक्त मनाई होती, आणि त्याला कारणही तसंच होतं. फ्रूटकेक म्हणजे निम्म्याहून जास्त मनुका, बेदाणे, अंजीर आणि मुरवलेली संत्र्याची साल. सळई कच्च्या पिठात घुसली तरी चिकट येणार आणि मनुक्यात घुसली तरी चिकटच येणार. असली साक्षीदार काय कामाची, असं आत्याबाई विचारत.

वडिलांमागे एकतीस वर्षं हा कान त्यांनी सांभाळला. लग्न केलं नाही. वेळच मिळाला नाही, असं त्या स्वतः सांगत. मागणी घालायची कुणाची छाती झाली नाही, असं गल्ली सांगे. धाकटा भाऊ होता तोवर दुकानाचं बाकीचं सगळं तो बघायचा. तो गेल्यावर त्याची बायको, म्हणजे आत्याबाईंची भावजय, काउंटरवर बसू लागली आणि त्याची मुलगी भट्टीच्या खोलीत आली. ही भाची आता सव्वीस वर्षांची होती. तिच्याकडे डब्यांचं काम होतं. प्रत्येक डब्याला आतून लोणी फासलेला कागद दोन पदरी लावायचा आणि बाहेरून तपकिरी कागद गुंडाळून सुतळीने आवळायचा, म्हणजे चार तासांच्या मंद आचेत काठ करपत नाहीत. तिने आवळलेली सुतळी सोडवायला कात्रीच लागायची. लोणी आणि गूळसाखर फेसायला एक गडी होता. तो इतका काडीपैलवान होता की सगळे त्याला पैलवानच म्हणत, आणि तोही त्या हाकेला छाती काढून ओ देई.

वर्षअखेरच्या सुट्ट्यांना दीड महिना उरला की केक भाजायचे, कारण भाजल्यावर त्यांना दर आठवड्याला चमचा चमचा ब्रँडी पाजून मुरू द्यावं लागतं. आतला सुकामेवा तर सहा महिने आधीच ब्रँडीत बुडवलेला असे. दोन मोठ्या बरण्या भरायच्या. एका बरणीत एक घाणा, म्हणजे चोवीस केक. त्यातला एक दुसऱ्या सकाळी घरात कापायचा, बाकीचे तेवीस गिऱ्हाइकांचे. तिसरी बरणी कधीच भरली नाही. मोजकंच करायचं, पण नाव घेतलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, ही वडिलांची शिस्त.

आणि कान द्यायची वेळ आली की बघण्यासारखं असे. भावजय दुकानाचं दार लावून घेई आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी बाहेर उभं करी. पंखे बंद. रेडिओ बंद. पैलवान भांड्यावरचा हात उचलून घेई. आत्याबाई स्टुलावर बसत, केकवर वाकत, डोळे मिटत, आणि मग साऱ्या खोलीत कुणी श्वासही मोठ्याने घेत नसे. त्या मान वर करून एकच शब्द बोलत, "बोलतोय" किंवा "निजला", आणि तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र आत्याबाईंना दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली होती. त्यांनी घंटा बिघडल्याचं जाहीर केलं. फोनवर माणसं पुटपुटतात, अशी तक्रार केली. समोरचा काय बोलला हे कळलं नाही की त्या गंभीर चेहऱ्याने "बरं" म्हणत, आणि आत्याबाईंचं "बरं" इतकं वजनदार की समोरच्यालाच वाटे, आपण काही मोठं बोलून गेलो. असं करत करत वर्ष निभावलं. केकची मात्र त्यांना काळजी नव्हती, कारण केकची चुरचुर आपल्याला झोपेतही ऐकू येईल अशी त्यांची खात्री होती.

पहिल्या बरणीचा घाणा भट्टीत गेला. तीन तासांनी पहिला केक बाहेर ओढला, खोली शांत झाली, आत्याबाई वाकल्या. काही नाही. एकदम शांत. त्यांना नवल वाटलं, कारण तीन तासांत केक कधी निजत नाही. त्यांनी आणखी वाकून पाहिलं, नाक जवळजवळ केकला लागलं. तरी शांतच. मेवा यंदा कोरडा असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि मान वर करून म्हणाल्या, "निजला."

भावजयीने भाचीकडे पाहिलं, भाचीने केककडे. मग भाचीने मुकाट्याने हातमोजे चढवले आणि चोवीसही केक बाहेर काढले.

दुसऱ्या सकाळी आत्याबाईंनी त्यातला एक कापला. वरून सुरेख, काठाला खमंग, आणि मधोमध ओला चिकट गोळा. सुरीला पीठ लागून आलं. त्यांनी दुसरा कापला, तिसरा कापला. तेच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून कच्चा केक निघाला होता, आणि मध्ये बसलेला केक पुन्हा भट्टीत घालून काही होत नाही. अर्धा मेवा वाया गेला होता. आता एकच बरणी शिल्लक होती आणि ती बिघडली तर या सुट्ट्यांत गल्लीत कुणाच्या टेबलावर त्यांचा केक असणार नव्हता.

नाचता येईना अंगण वाकडं, तशी आत्याबाईंनी भट्टीला नावं ठेवली. भट्टी म्हातारी झाली, आत आच पोचत नाही, बोलवा मिस्त्रीला. मिस्त्री आला. त्याने भट्टीच्या चारी कोपऱ्यांत आपलं तापमापक ठेवलं, तासभर बसून आकडे टिपले, आणि शेवटी हात पुसत म्हणाला की भट्टी एका अंशानेही चुकत नाही. शिवाय जाता जाता आगाऊपणे सुचवलं, की वेळ संपली की वाजणारं एखादं यंत्र बसवून घ्या, आजकाल सगळे बसवतात. हे त्याने चांगलं खणखणीत आवाजात सांगितल्यामुळे आत्याबाईंना नीट ऐकू आलं.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "आणि घड्याळावर केक भाजता आला असता तर घड्याळजीने बेकरी काढली असती." मिस्त्री हसत हसत निघून गेला.

तो गेल्यावर मात्र आत्याबाई मैद्याच्या पोत्यावर बसल्या. भट्टी चुकत नाही. मेवा तोच, पीठ तेच, डबे तेच. उरलं कोण? त्यांना सगळं कळत होतं, पण कळणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं. मग त्यांनी भावजयीला काउंटरवरून आत बोलावलं, भाचीला आणि पैलवानाला समोर उभं केलं, आणि विचारलं, "मला खरं सांगा. त्या दिवशी केक निजला होता का?"

पैलवान रिकाम्या भांड्यात डोकावून पाहू लागला.

"नाही, वन्सं," शेवटी भावजय म्हणाली. "बोलत होता. मला दारापाशी ऐकू येत होतं."

आत्याबाईंनी भाचीकडे पाहिलं. भाचीने मान हलवली. पैलवानाने अडखळत सांगितलं की त्यालाही आवाज आला होता, पण आपल्याच पोटातून येतोय असं त्याला वाटलं.

म्हणजे खोलीत चार माणसं होती आणि चौथीला सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं. आत्याबाईंची कानशिलं तापली. एवढी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटली की त्या आधी चिडत.

"मग तोंडाला काय कुलूप होतं सगळ्यांच्या?"

"तू निजला म्हणालीस, आत्या," भाची म्हणाली. "तू म्हणाल्यावर या घरात कुणी बोलतं का?"

आत्याबाई ताडकन उठल्या आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. कोठीत साखरेची पोती, कागदाच्या गुंडाळ्या आणि ती दुसरी बरणी होती. पोरीने उलट उत्तर दिलं म्हणून आधी त्या धुसफुसल्या. मग त्यांना चौदा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. भाची तेव्हा बारा वर्षांची, शाळेतून येऊन दाराशी उभी होती. आत्याबाई "निजला" म्हणाल्या आणि ही चिमुरडी म्हणाली, "अजून बोलतोय." त्या दिवशी भट्टीसमोर सगळ्यांदेखत तिला झापलं होतं, कान माझा की तुझा म्हणून. पोर रडत वर गेली. आत्याबाईंनी पुन्हा कान लावला तर केक खरंच एका कोपऱ्यात चुरचुरत होता. पोरीचं ऐकलं असं कुणाला वाटू नये म्हणून त्यांनी पाच मिनिटं उगीच डबे इकडचे तिकडे केले, आणि मग जणू आपल्याच मनात आलं अशा थाटात केक परत आत ढकलला. त्यानंतर भाची त्या खोलीत कधी बोलली नाही. आपण तिला गप्प केलं होतं, आणि त्या गप्प बसण्याला एवढी वर्षं आपण चांगलं वळण म्हणत आलो होतो.

कान गेला हे वयाचं होतं, त्याला इलाज नव्हता. पण चोवीस केक कच्चे राहिले ते कानामुळे नाही, हे आत्याबाईंना तिथे पोत्यांमध्ये बसून स्वच्छ कळलं. तासाभराने त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरी बरणी होती. ती भाचीसमोर ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या हा घाणा तू काढायचा."

"आणि तू?"

"मी भट्टी बघीन. कान तू द्यायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खोलीत जायफळ आणि दालचिनीचा वास दरवळला. पैलवानाने लोणी असं फेसलं की ते पांढरं आणि हलकं झालं. अंडी एकेक करून पडली, मग मैदा, मग काळी मळी, आणि शेवटी ब्रँडीने फुगलेला मेवा. भाचीने सुतळ्या आवळल्या. डबे भट्टीत गेले. आत्याबाईंना आज कुणी काही विचारलं की त्या दुसऱ्यांदा विचारायला लावत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष भट्टीच्या दाराकडे होतं. बरणी रिकामी झाली होती. आता चुकलं तर दुरुस्तीला काही उरलं नव्हतं.

तीन तासांनी पहिला केक बाहेर आला. दार लागलं, पंखे थांबले. सवयीने आत्याबाई स्टुलाकडे वळल्या, मग थबकल्या आणि बाजूला झाल्या. भाची बसली. वाकली. डोळे मिटले.

"बोलतोय," ती म्हणाली.

केक आत गेला. वीस मिनिटांनी पुन्हा बाहेर. बोलतोय. आणखी अर्ध्या तासाने पुन्हा. बोलतोय. भावजयीने दाराबाहेर तिष्ठणाऱ्या गिऱ्हाइकांना काचेतूनच हातवारे करून थांबवून धरलं. आत्याबाईंनी केककडे निरखून पाहिलं. रंग गडद झाला होता, काठ कागदापासून सुटले होते, बोटाने दाबलं तर केक हळूच वर येत होता. एकतीस वर्षांचे त्यांचे डोळे आणि त्यांचं बोट दोन्ही सांगत होतं की झाला.

"आता निजला असेल. काढ सगळे," त्या म्हणाल्या.

भाची पुन्हा वाकली. यावेळी जास्तच वेळ. मान वर केली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"नाही, आत्या. बोलतोय."

"चार तास होत आले. काठ करपतील."

"नाही करपणार. कागद मी लावलाय. आत जाऊ दे."

पैलवानाने डोळे बंद करून घेतले. भावजय दाराची कडी धरून उभी राहिली. या घरात आत्याबाईंच्या शब्दाला समोरासमोर "नाही" म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आत्याबाईंच्या सख्ख्या भावाने, जन्मात असं धाडस केलं नव्हतं. भाचीने स्टुलाची कड घट्ट धरली, पण ती हलली नाही आणि तिने नजरही वळवली नाही. आत्याबाईंनी त्या नजरेत पाहिलं. पोर आपल्याला घाबरली होती आणि तरीही केकच्या बाजूने उभी होती. त्यांच्या छातीत काहीतरी भरून आलं. हा राग नव्हता, हे त्यांना जरा उशिराने उमगलं.

त्यांनी स्वतःच्या हाताने केक परत आत ढकलला आणि भट्टीचं दार लावलं.

पुढची अठरा मिनिटं आत्याबाई भट्टीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, जणू कुणी येऊन केक पळवणार होतं. एकतीस वर्षांत हा निवाडा त्यांनी कुणावर सोपवला नव्हता. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीच्या आतून अभिमान वर येत होता, आणि दोन्ही एकदम कसं वाटू शकतं याचं त्यांना आश्चर्यही वाटत होतं. भाचीने खूण केली. केक बाहेर आला. ती वाकली, एक कान लावला, मग दुसरा लावला. खोलीत इतकी शांतता होती की बाहेरच्या माणसाने खोकणंही आवरलं.

"निजला," भाची म्हणाली.

आत्याबाईंनी तिच्या ओठांवरून तो शब्द वाचला आणि पैलवानाला सांगितलं, काढ सगळे.

सकाळी केक भाचीनेच कापला. सुरी खालपर्यंत गेली आणि कोरडी, स्वच्छ बाहेर आली. आतला रंग तपकिरी, मेवा सगळीकडे सारखा पसरलेला, एकही बेदाणा तळाला बसलेला नव्हता. आत्याबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. "माझ्या हातून असा कधी निघाला नाही," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला. हे काही खरं नव्हतं, त्यांच्या हातून असे पुष्कळ निघाले होते. पण भावजयीने मान खाली घालून डोळे पुसले, आणि पैलवानाने तिसरा तुकडा कुणी पाहत नाहीसं बघून उचलला.

दीड महिना केक मुरले. सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी दुकानासमोर रांग लागली. तेवीसच केक होते. दोन घेणाऱ्यांना यंदा एक आणि एक घेणाऱ्यांना अर्धा, असं भावजयीने सगळ्यांना पटवून दिलं होतं. रांगेत पहिल्या होत्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या दरवर्षी पहिल्याच असत, आणि दरवर्षी केक हातात घेऊन साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं एक वाक्य बोलत. त्या वाक्यावर आत्याबाईंचं पुढचं अख्खं वर्ष जाई.

बाईंनी कागद सोडवून तिथल्या तिथे वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आत्याबाई, तुमचा कान शाबूत आहे तोवर आम्हाला काही कमी नाही."

बाईंचा आवाज अजून वर्गातला होता, त्यामुळे हे आत्याबाईंना ऐकू आलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. भावजय काही बोलली नसती. भाची तर मागे डबे पुसत होती, तिने वरही पाहिलं नाही. आत्याबाईंनी काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"बाई, माझा कान गेला," त्या म्हणाल्या. "पहिला घाणा मी कच्चा काढला, म्हणून यंदा केक कमी आहेत. हा हिने काढलाय. मी काढ म्हणत होते आणि ही मला नाही म्हणाली. चारचौघांत, तोंडावर. मी तिचं ऐकलं म्हणून तुमच्या हातात केक आहे."

एवढ्या ताठ मानेने त्या स्वतःविषयी कधी बोलल्या नव्हत्या. मागे भाचीच्या हातातलं फडकं थांबलं. मुख्याध्यापिका आधी भाचीकडे आणि मग आत्याबाईंकडे बघून काहीतरी बोलल्या, पण या वेळी हळू, नेहमीच्या आवाजात नाही. आत्याबाईंच्या तोंडात सवयीचं "बरं" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मोठ्याने बोला, बाई," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

बाईंनी छाती भरून श्वास घेतला.

"म्हटलं, ही तुमच्यावर गेलीय!"

रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं. आत्याबाईंनाही ऐकू आलं.